परदेशात मॅच कुठे बघायची? दर स्पर्धेला नव्याने अडणारा प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडून शिकायला किंवा नोकरीला बाहेर गेलेल्या पोरापोरींचे मेसेज मला ठरलेल्या महिन्यांत येतात. मार्च, जून, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. फिफाने, म्हणजे फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी राखून ठेवलेले हे महिने. मी काही वर्षं जर्मनीत आणि त्याआधी आखातात काढली, आता जळगावात असते, आणि फुटबॉलचं वेड अजून सुटलेलं नाही, एवढीच माझी पात्रता. मेसेज साधारण असा असतो: "ताई, ॲप उघडत नाही, जवळच्या बारमध्ये दुसरंच काही लावलंय, मॅच अर्ध्या तासात आहे. काय करू?"

अर्ध्या तासात करण्यासारखं काही नसतं. जे करायचं ते आदल्या दिवशी. आणि ते करायचं तर मॅच मुळात दिसत का नाही हे कळायला हवं, म्हणून इथे अडचण सांगून तिचं कारण आणि मग उपाय अशा क्रमाने लिहिते. सगळ्यांना सगळं लागणार नाही. आपली अडचण शोधा आणि बाकीचं सोडून द्या.

अडचण पहिली: घरी चालणारं ॲप इथे चालत नाही

बिघाड फोनमध्ये नाही. सामन्यांचे हक्क देशागणिक विकले जातात. भारतातल्या वाहिनीने भारतापुरते पैसे मोजलेले असतात, त्यामुळे विमान उतरलं की तुमचं वर्गणीचं ॲप हात वर करतं. वडिलांच्या नावावर सबस्क्रिप्शन आहे, महिना भरलेला आहे, पासवर्ड बरोबर आहे, यातलं काहीही तिथे कामाचं नाही.

त्यात भारतातही मॅचचं घर एकच नसतं. २०१८चा विश्वचषक सोनीवर होता, २०२२चा स्पोर्ट्स१८वर आणि जिओसिनेमावर फुकट, २०२४ची युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, पुन्हा सोनीवर. पुढे फेब्रुवारी २०२५मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकच झाले. म्हणून "मागच्या वेळी इथेच दिसली होती" हा पुरावा कधीच धरू नका, ना भारतात, ना बाहेर.

व्हीपीएन लावून, म्हणजे फोन भारतातच आहे असं ॲपला भासवून, बघणारे पुष्कळ आहेत. त्यात ॲपच्या अटी मोडतात हा भाग झालाच, पण माझा आक्षेप त्याहून व्यवहारी आहे: ते नेमकं पेनल्टीच्या वेळी अडकतं. ज्या देशात राहता तिथे ती मॅच कायदेशीर आणि बहुतेकदा फुकट दिसत असताना हा उपद्व्याप कशाला?

कारण मोठ्या स्पर्धा बऱ्याच देशांत साध्या टीव्हीवर असतात. ब्रिटनमध्ये विश्वचषक आणि युरो या कायद्याने फुकट दाखवायच्या स्पर्धांच्या यादीत आहेत, म्हणून त्या बीबीसी आणि आयटीव्हीवर लागतात. फक्त थेट प्रक्षेपण बघायला घराचं टीव्ही लायसन्स लागतं, लॅपटॉपवर बघितलं तरी लागतं. जर्मनीत दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो प्रसारण शुल्क भरावंच लागतं. मग त्यावर चालणाऱ्या एआरडी आणि झेडडीएफ या वाहिन्या न बघणं म्हणजे स्वतःचेच पैसे पाण्यात. २०२६च्या विश्वचषकातले १०४पैकी ६० सामने या दोघांकडे, सगळे हवे असतील तर वर्गणीचं मॅजेंटा टीव्ही. अमेरिकेत फॉक्स इंग्रजीत आणि टेलेमुंडो स्पॅनिशमध्ये. खिडकीला लावायचा साधा अँटेना आणला तर बहुतेक शहरांत या दोन्ही मुख्य वाहिन्या विनावर्गणी पकडता येतात, हे तिथे राहणाऱ्या निम्म्या भारतीयांना ठाऊक नसतं. टेलेमुंडोची कॉमेंटरी एक शब्द कळला नाही तरी ऐका. गोल झाल्यावर तो माणूस श्वास कुठून आणतो कोण जाणे. ऑस्ट्रेलियात एसबीएस. आखातात मात्र बीइन स्पोर्ट्सची वर्गणी, ती महाग, आणि म्हणूनच तिथे सगळा कारभार कॅफेंवर चालतो.

हे झालं घरात बसून बघण्याचं. पण मेसेज करणाऱ्याला खरं तर ते नको असतं. त्याला माणसं हवी असतात.

अडचण दुसरी: बारमध्ये दहा टीव्ही आहेत, आपली मॅच एकावरही नाही

इथे बहुतेकांचा शोधच चुकतो. नकाशावर "स्पोर्ट्स बार" असं टाकायचं, पहिलं नाव येईल तिथे जायचं, आणि मग काउंटरवरच्या माणसाला विनवत बसायचं. त्या बारचा धंदा त्या गावाच्या आवडीवर चालतो. अमेरिकेत शरद ऋतूतल्या शनिवारी-रविवारी तिथलं स्वतःचं फुटबॉल, म्हणजे वेगळाच खेळ, सगळे पडदे व्यापून असतं. तुमची उरुग्वे-पॅराग्वे मॅच तो कशाला लावेल? शिवाय त्याच्याकडे त्या वाहिनीची व्यावसायिक वर्गणी असायला हवी. घरगुती कनेक्शन दुकानात दाखवता येत नाही, आणि व्यावसायिक कनेक्शन बरंच महाग पडतं. ब्रिटनच्या पबमध्ये पडद्याच्या कोपऱ्यात बिअरच्या ग्लासाचं छोटं चिन्ह दिसतं ते याचसाठी: हे कनेक्शन पबच्या नावाचं आहे, मालकाच्या घरचं नाही. तेव्हा ज्याच्याकडे ती वाहिनीच नाही त्याला कितीही विनवलं तरी उपयोग नाही.

जागा शोधण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: ही मॅच कोणाची आहे?

पोर्तुगालची असेल तर लंडनमध्ये स्टॉकवेलला जा, तिथे पोर्तुगीज वस्ती जुनी आहे. टोरांटोत असाल तर डंडास स्ट्रीटच्या लिटल पोर्तुगालमध्ये. दक्षिण कोरियाची असेल तर लंडनच्या दक्षिणेला न्यू माल्डन. कोलंबिया किंवा इक्वेडोर खेळत असेल तर न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सचं जॅक्सन हाइट्स, जिथे आपली मिठाईची आणि साड्यांची दुकानंही आहेत, म्हणजे मॅचआधी समोसा आणि मॅचनंतर अरेपा, म्हणजे त्यांची मक्याची भाकरी, अशी सोय होते. ब्राझील असेल तर हडसनपलीकडे न्यूअर्कचा आयर्नबाउंड भाग. इटलीसाठी मेलबर्नला लायगन स्ट्रीट. तुर्कस्तानसाठी बर्लिनमध्ये क्रॉइझबर्ग किंवा नॉयकोल्न, कुठल्याही कॅफेत शिरा. अशा वस्तीतल्या साध्या खानावळीत एकच टीव्ही असेल, पण तो त्याच मॅचवर असेल आणि आवाज पूर्ण मोठा असेल. दहा टीव्हींच्या झगमगीत बारपेक्षा मी कधीही हे पसंत करेन. कोणी हाकलून देत नाही. उलट भारतातून आलेली बाई आमच्या संघासाठी ओरडतेय म्हटल्यावर शेजारचा म्हातारा स्वतःच्या ताटातलं पुढे करतो.

कोणाची मॅच, हे सांगता येत नसेल, म्हणजे दोन्ही देशांची माणसं तुमच्या गावात नसतील, तर आयरिश पब. युरोपातल्या जवळपास प्रत्येक मध्यम शहरात एखादा असतोच, आणि स्थानिक बारांपेक्षा त्याच्याकडे वाहिन्या जास्त असतात. अमेरिकेत अमेरिकेचाच सामना बघायचा असेल तर "अमेरिकन आउटलॉज" या पाठीराख्यांच्या गटाची शहराशहरांत शाखा आहे आणि प्रत्येक शाखेचा ठरलेला बार असतो. आणि तिथे विचारताना "सॉकर" म्हणा, वेळ वाचेल. जर्मनीत मोठ्या स्पर्धेच्या वेळी बिअर गार्डनमध्ये, चौकात मोठे पडदे लागतात. शोधताना शहराच्या नावापुढे "पब्लिक व्ह्यूइंग" टाका. एरवी रात्री दहानंतर आवाजाच्या बाबतीत फार कडक असलेलं ते सरकार अशा स्पर्धांपुरती खास सूट देतं, यावरून तिथे या खेळाचं काय वजन आहे ते समजा.

आखातात उत्तर अजून सोपं आहे. मल्याळी माणूस शोधा. दुबई, शारजा, मस्कत, दोहा, कुठेही. कोपऱ्यावरची चहाची कॅफेटेरिया बहुधा त्याचीच असते. कतारच्या विश्वचषकाआधी कोझिकोड जिल्ह्यातल्या पुल्लावूरला भर नदीत मेस्सी, नेमार आणि रोनाल्डोचे प्रचंड कटआउट उभे राहिले होते. ही ती माणसं. त्यांना मॅच कुठे दिसेल हे विचारायचं नसतं, "आज कोण?" एवढंच विचारायचं, पुढचं ते सांगतात. मल्याळी नसेल तर बंगाली, गोवेकर, मणिपुरी. आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर विचारून मात्र फारसं हाती लागणार नाही, तिथे क्रिकेटच चालतं. एखादा कोल्हापूरकर असेल तर गोष्ट वेगळी. पाटाकडील आणि खंडोबा तालमीची मॅच शाहू स्टेडियमवर बघून मोठा झालेला माणूस परक्या गावात मॅचची जागा वासावरून काढतो. आपल्या खान्देशात असं तालमींचं फुटबॉल नाही, त्यामुळे आपल्याला हे शिकावं लागतं.

जागा सापडली की फोन करा. आदल्या दिवशी, गर्दीची वेळ टाळून, आणि नेमकं विचारा: "उद्या रात्री पावणेनऊची क्रोएशियाची मॅच आवाजासकट लावणार का?" "फुटबॉल दाखवता का?" असं विचारलं तर हो म्हणतील, आणि तुम्ही गेल्यावर तिथे दुसरीच मॅच मुक्याने चालू असेल. एकाच वेळी दोन सामने असतील तर आवाज कोणत्या मॅचला, हा खरा प्रश्न आहे.

अडचण तिसरी: पोचलो, तर मॅच संपलेली

वेळेचा घोळ. आपल्या देशात घड्याळ वर्षभर एकच, त्यामुळे तिकडे ते पुढे-मागे होतं हे अंगवळणी पडायला वेळ लागतो. त्यात युरोपातलं घड्याळ मार्चच्या शेवटच्या रविवारी पुढे सरकतं, आणि मार्चमधले आंतरराष्ट्रीय सामने बरेचदा त्याच आठवड्यात असतात. २०२६चंच बघा. युरोपातल्या विश्वचषक पात्रतेचे प्लेऑफ २६ आणि ३१ मार्चला, आणि घड्याळ बदलण्याचा दिवस बरोबर मध्ये, २९ तारखेला. मध्य युरोपात पावणेनऊला सुरू होणारी २६ मार्चची मॅच भारतात मध्यरात्रीनंतर सव्वाला, आणि तितक्याच वाजताची ३१ची मॅच सव्वाबाराला. जर्मनीतून जळगावला घरी फोन लावून एकत्र बघायचं ठरवलेलं असेल तर एक तास इथेच जातो. अमेरिकेचं घड्याळ आणखी वेगळ्या तारखेला बदलतं: मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला.

दुसरा सापळा तारखेचा. २०२६ विश्वचषकाची फायनल १९ जुलैला न्यू जर्सीत दुपारी तीनला. ती जर्मनीत रात्री नऊला, दुबईत रात्री अकराला, भारतात मध्यरात्र उलटून २० जुलै लागल्यावर साडेबाराला, आणि सिडनीत २०च्या पहाटे पाचला. "१९ची मॅच" म्हणून भारतातला माणूस १९ तारीख लागल्या लागल्या साडेबाराला, म्हणजे शनिवारी रात्री, एक दिवस आधी, टीव्ही लावून बसू शकतो. आईवडिलांना सांगताना तारीख सांगूच नका, "रविवारी रात्री जेवल्यावर जागं राहायचं" असं सांगा.

सिडनीच्या पहाटे पाचवरून आठवलं: जागा सापडली तरी ती त्या वेळी उघडी असते का, हेही विचारा. अमेरिका खंडातल्या स्पर्धेचे कितीतरी सामने युरोपात मध्यरात्रीनंतर सुरू होतात, आणि तेव्हा पबवाला खुर्च्या टेबलावर उलट्या करून घरी गेलेला असतो. तेवढ्यापुरतं घरचं नेट आणि दोन मित्र, यापलीकडे उत्तर नाही.

अडचण चौथी: भारताची मॅच कोणीच दाखवत नाही

हे दुखणं खरं आहे आणि त्याला पूर्ण औषध नाही. ब्राझीलची मैत्रीपूर्ण मॅच दाखवणारा बार भारताची आशियाई पात्रतेची मॅच दाखवणार नाही, त्याच्याकडे ती वाहिनीच नसते. आखातात मात्र भारत स्वतः तिथे येतो. जानेवारी २०२४मध्ये कतारला आशियाई चषक झाला तेव्हा आपण ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३ आणि सीरियाकडून ०-१ असे तिन्ही सामने हरलो, पण निळ्या जर्सीतली माणसं मैदानात हजारोंनी होती. दोहा किंवा आसपासच्या शहरात राहत असाल तर पडदा शोधू नका, तिकीट शोधा. "ब्लू पिल्ग्रिम्स" हा भारतीय संघाच्या पाठीराख्यांचा गट २०१७पासून आहे. बाहेरच्या देशातला सामना असला की तिथले भारतीय कुठे जमणार याची बातमी त्यांच्याकडून लवकर लागते.

महिला संघाकडेही लक्ष ठेवा. जुलै २०२५मध्ये चियांग माईत थायलंडला २-१ हरवून त्या आशियाई चषकाला पात्र ठरल्या, तो मार्च २०२६चा, ऑस्ट्रेलियात, आणि आपले सामने पर्थ आणि सिडनीत. दोन्ही शहरांत भारतीय भरपूर आहेत. तिथल्या कोणी "इथे मॅच कुठे बघू" असं विचारलं तर मी फक्त स्टेडियमचा पत्ता पाठवते.

बाकी ठिकाणी चार-पाच जणांनी कोणाच्या तरी खोलीवर लॅपटॉप टीव्हीला जोडून बघायचं. शेवभाजी करायची. मसाला नेलेला असतोच.

पबमध्ये जायचं, पण पीत नाही

हा प्रश्न पोरं लाजत विचारतात आणि पोरी त्याहून लाजत. आपल्याकडे "बारमध्ये गेली होती" हे वाक्य चोपड्यापासून शहाद्यापर्यंत एकाच अर्थाने ऐकलं जातं. तिकडे पबमध्ये कोकाकोला, सोडा-लिंबू, चहा, कॉफी काहीही मागा, कोणी वळूनही बघत नाही. फक्त काहीतरी मागा. दोन तास खुर्ची अडवून नळाचं पाणी पिणं वाईट दिसतं. प्रत्येक हाफला एक काहीतरी, हा माझा हिशोब. शाकाहारी असाल तर घरून जेवून जा, नाहीतर बटाट्याच्या तळलेल्या फोडींवर रात्र काढावी लागते. मुलांना घेऊन जाणार असाल तर संध्याकाळी किती वाजेपर्यंत मुलं चालतात ते आधी विचारा, प्रत्येक पबचा नियम वेगळा.

एकटीने जाणाऱ्या मुलींसाठी एवढंच: पहिल्यांदा जाताना गटसाखळीतली मॅच निवडा, बाद फेरीची नाही. गर्दी कमी असते, जागेचा अंदाज येतो, काउंटरवरच्या माणसाशी ओळख होते. परतीची शेवटची ट्राम-बस आधी बघून ठेवा, आणि पुढे बाद फेरीच्या मॅचला जाल तेव्हा त्यात अतिरिक्त वेळेची तीस मिनिटं आणि पेनल्टी धरा. त्या देशाचा संघ हरला की रस्त्यावरचा मूड बदलतो, तेव्हा अशा दिवशी मी पाच मिनिटं आधीच निघायचे.

घरचे भुसावळला, तुम्ही श्टुटगार्टला

एकत्र बघायची हौस असते आणि ती दर वेळी एकाच गोष्टीने बिघडते: बाबा तिकडून "गोऽऽल" ओरडतात आणि इथे अजून चेंडू मध्यावर असतो. अँटेना, केबल किंवा डिशवरचं चित्र आधी येतं, आणि इंटरनेटवरचं बहुधा सगळ्यात शेवटी, कधी अर्धा मिनिट तर कधी त्याहून जास्त मागे. दोघांनी इंटरनेटवरच बघितलं तरी अंतर राहतंच. उपाय गावठी पण चालणारा आहे. सुरुवातीची शिट्टी वाजली की दोघांनी फोनवर "आत्ता" म्हणायचं, ज्याचं पुढे असेल त्याने तितके सेकंद थांबवून ठेवायचं. सवय झाली की मिनिटभरात जमतं. ते जमत नसेल तर फोन ठेवून द्या, व्हॉट्सॲप बंद करा आणि फक्त हाफटाइमला बोला. फॅमिली ग्रुपवर गोल टाकणाऱ्या काकांचं काही करता येत नाही.

आणि परत आल्यावर

हा मेसेज उलट दिशेने येतो. पाच-सहा वर्षं बाहेर काढून माणूस परत येतो आणि पहिल्याच स्पर्धेला म्हणतो, "अठे कोणीच मॅच देखत नही भो." देखतात. फक्त बार शोधून सापडत नाहीत. इंजिनिअरिंगच्या होस्टेलांवर विचारा, मेसचा टीव्ही रात्री कोणाच्या ताब्यात असतो ते कळेल. केरळ, बंगाल, ईशान्येकडून आलेले रेल्वेतले आणि आयुध निर्माणीतले कर्मचारी भुसावळ-वरणगावला आहेत, म्हणजे आखातातला नियम इथेही लागू. महामार्गावरचे ढाबे रात्रभर उघडे असतात आणि टीव्हीवर जुना सिनेमा चालू असतो. चार माणसं जेवायला येतायत म्हटल्यावर मालक चॅनल बदलायला नाही म्हणत नाही, वर्गणी तेवढी आहे का ते आधी बघा.

स्वतः जमवायचं असेल तर साउंडवाल्याकडे प्रोजेक्टर भाड्याने मिळतो, आणि लग्नसराई संपली की स्वस्तही मिळतो. कतारचा विश्वचषक नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, ऐन भरिताच्या हंगामात आला होता आणि फायनल आपल्याकडे रात्री साडेआठला, तेव्हा मळ्यातल्या भरीत पार्टीत मॅच बसवणं अगदी सोपं गेलं. जूनमधल्या स्पर्धेला गच्चीच बरी, घरात उकाड्याने बसवत नाही. घरगुती वर्गणीवर चौकात तिकीट लावून किंवा गल्लीभर जाहीर पडदा लावू नका, हक्क असलेल्याची परवानगी लागते. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, त्यामुळे साडेबाराच्या मॅचला आवाज गच्चीपुरताच. आणि वीज जाणार हे गृहीत धरून टीव्हीबरोबर राउटरही इन्व्हर्टरवर घ्या. लोक पंखा घेतात आणि राउटर विसरतात.